हळदीचे तीन ठिपके

वकिलाने रसायनशास्त्राच्या गोष्टी सांगाव्या हा अधिकारातिक्रम आहे, हे आम्हांस मान्य आहे. तथापि गतवर्षी नवरात्रापूर्वी आमच्या हातून एका सज्जनाच्या अब्रूस जो धक्का लागला, त्याचे मूळ बोटभरही उंची नसलेल्या एका द्रवात होते. त्या द्रवाविषयी आम्हांस पुढे जे शिकावे लागले, ते निदान ज्यांचा कोणत्या ना कोणत्या देवस्थानाच्या कारभाराशी संबंध आहे अशा वाचकांना सांगावे, असे पुष्कळ दिवस मनात होते.

आमच्या देवस्थानास हळद पुरविणारे गृहस्थ आमच्या वडिलांच्या पिढीतले. देवीच्या हळद-कुंकवास, ओटीच्या पुड्यांस आणि संतर्पणाच्या दिवशी खतखत्यास त्यांचीच हळद येई. तिच्याविषयी कधी कोणी ब्र काढला नव्हता. गतवर्षी मात्र आलेली हळद नेहमीपेक्षा गडद, केशरीकडे झुकणारी निघाली. त्यातच एका भाविक बाईंनी कपाळ चुरचुरल्याची तक्रार केली. समितीच्या बैठकीत कोणी तरी 'मेटॅनिल यलो' हे नाव उच्चारले. हा कापड, कागद वगैरे रंगविण्याचा रंग. खाद्यपदार्थांत तो घालण्यास बंदी आहे, पण हळदीत तो सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. मग काय विचारता! सदस्यांपैकी एकांच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत 'थिन लेयर क्रोमॅटोग्राफी' नावाची परीक्षा केली आणि दोन ओळींचा निर्वाळा दिला की, आमच्या हळदीचा ठिपका आणि त्या रंगाचा ठिपका काचेवर एकाच ठिकाणी दिसतात. पुरवठा बंद करण्याचा ठराव आम्हीच लिहिला, आणि त्यात 'भेसळ आढळल्यावरून' हे शब्दही आमचेच.

ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी घरी आले. वाद घातला नाही, कोणाचे नाव घेतले नाही. जाताना पायरीवर थांबून एवढेच म्हणाले, "वकीलबाब, परत एक फावट पळयात."

न्यायालयात असा दोन ओळींचा अहवाल समोर आला असता तर आम्ही साक्षीदारास तासभर पिंजऱ्यात उभे केले असते. नमुना कोणी घेतला, मोहोर कोणाची, पद्धत कोणती, असे प्रश्न आमच्या जिभेवर बसलेले आहेत. परंतु देवळाच्या ओसरीवर आमच्यातील वकील झोपी गेला होता आणि भाविक तेवढा जागा होता. त्या रात्री आम्हांस स्वस्थ झोप लागली नाही, हे सांगण्यास संकोच वाटत नाही.

रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आमचे स्नेही आहेत. त्यांच्यापुढे कागद ठेवताच त्यांनी एकच प्रश्न विचारला : "द्रावक कोणता घेतला होता?" अहवालात त्याचा उल्लेखच नव्हता. विद्यार्थ्यास विचारले तेव्हा कळले की, तिखटातील 'सुदान' जातीचे रंग ओळखण्यासाठी हेक्झेन नऊ भाग आणि एथिल अॅसिटेट एक भाग असे मिश्रण करून ठेवले होते, तेच त्याने वापरले. प्राध्यापक हसले नाहीत. "मुलाने खोटे काही सांगितले नाही; प्रश्न मात्र चुकीच्या भाषेत विचारला," असे म्हणून त्यांनी आम्हांस आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेले.

या विद्येचे मूळ तत्त्व तेथे समजले, ते आमच्या भाषेत सांगतो. काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्टीवर सिलिका जेलचा पातळ, पांढरा थर असतो. त्याच्या खालच्या कडेपासून सुमारे एक सेंटिमीटरवर एक रेघ ओढावयाची. ती शिसपेन्सिलीनेच, कारण शाईची ओढली तर शाईच द्रवाबरोबर वर चालू लागते आणि तपासणाराच आरोपीच्या रांगेत जाऊन बसतो. रेघेवर केशनळीने नमुन्याचा बारीक ठिपका द्यावयाचा आणि पट्टी झाकणाच्या पात्रात अशी उभी करावयाची, की आतील द्रव रेघेच्या खालीच राहील. द्रव थरातून आपोआप वर चढतो. सिलिका प्रत्येक पदार्थास धरून ठेवू पाहते, द्रव त्यास सोडवून नेऊ पाहतो. या ओढाताणीत जो पदार्थ जितका सुटतो तितका तो वर जातो. ठिपक्याने काटलेले अंतर भागिले द्रवाने काटलेले अंतर, हा त्याचा 'आर एफ' अंक.

हे सारे एका माणसाच्या चिकित्सक बुद्धीतून निघाले. मिखाइल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वॉर्सा येथे काम करीत असे. हिरवे पान पेट्रोलियम ईथरमध्ये घोटले तर पिवळे कॅरोटीन निघते, हरितद्रव्य निघत नाही. थोडे अल्कोहोल घातले की तेही निघते. पण एकदा सुटे झालेले हरितद्रव्य त्याच पेट्रोलियम ईथरमध्ये खुशाल विरघळते! म्हणजे ते विरघळत नव्हते असे नव्हे. पानातील पेशीजाल त्यास सोडीत नव्हते. एवढ्या निरीक्षणावरून त्याने खडूच्या भुकटीच्या नळीतून पानाचा अर्क ओतून त्याचे रंगीत पट्टे वेगळे केले. 1903 साली त्याने हे प्रथम व्याख्यानातून मांडले आणि 1906 साली या पद्धतीस 'क्रोमॅटोग्राफी', म्हणजे रंगाने लिहिणे, हे नाव दिले. त्याच्या आडनावाचा रशियन अर्थही 'रंग' असाच आहे. मोठमोठ्या रसायनज्ञांनी त्याजकडे बरीच वर्षे लक्ष दिले नाही. पुढे 1938 साली खार्कोव्ह येथे इझमाइलोव्ह आणि श्रायबर यांनी औषधी वनस्पतींचे अर्क काचेवरील पातळ थरावर तपासले, आणि 1956 पासून एगॉन श्टाल या जर्मन शास्त्रज्ञाने ती पद्धत सर्वत्र चालेल अशी नियमबद्ध केली. इतका इतिहास पुरे.

आता द्रावकाविषयी. हेक्झेन अगदी दुबळे. सिलिकाच्या पकडीतून ते तेलकट, अध्रुवीय पदार्थच सोडवू शकते. मेथॅनॉल बलिष्ठ, नुसते तेच घेतले तर पुराच्या लोंढ्यासारखे सारेच ठिपके वर गोळा होतात. दोन्ही टोकांस निवाडा होत नाही. द्रावक असा हवा की ठिपके पट्टीच्या मधल्या भागात, एकमेकांपासून फुटून राहतील. आणि तो बहुधा एका दुबळ्या द्रवात बलिष्ठ द्रवाचे थोडे थेंब वाढवीत, पट्ट्यांमागून पट्ट्या वाया घालवूनच सापडतो. विद्यार्थ्याच्या मिश्रणात सुदान रंग उत्तम धावतात. पण हळदीचे कर्क्युमिन जागचे हलत नाही. मेटॅनिल यलोही हलत नाही, कारण तो गंधकाम्लाच्या घटकाने युक्त असा पाण्यात विरघळणारा क्षार. म्हणून दोघे रेघेवर शेजारी शेजारी बसून राहिले, आणि आम्ही त्यांस एकच ठरविले! दोन इसम एकाच धर्मशाळेत निजलेले आढळले म्हणून ते एकाच टोळीचे, असा तो न्याय होता.

प्राध्यापकांनी धूर ओढून घेणाऱ्या कपाटात क्लोरोफॉर्म 95 भाग व मेथॅनॉल 5 भाग असे मिश्रण केले. पात्रास आतून गाळण कागद लावून ते त्याच्या वाफेने भरू दिले. पट्टीवर तीन ठिपके दिले : एक आमची हळद, दुसरा शुद्ध मेटॅनिल यलो, आणि तिसऱ्या ठिकाणी दोन्ही एकावर एक. हा तिसरा ठिपका आम्हांस फार आवडला. आरोपी व साक्षीदार यांना समोरासमोर उभे करण्याचाच तो प्रकार. द्रव चढू लागला तेव्हा आम्ही घड्याळाकडे पाहण्याचेही विसरलो. आमच्या हळदीतून एकामागून एक तीन पिवळे ठिपके सुटले : सर्वांत वर कर्क्युमिन, त्याखाली त्याची दोन भावंडे, ज्यांत मेथॉक्सी गट अनुक्रमे एक आणि दोन कमी असतात. मेटॅनिल यलो जवळजवळ रेघेवरच राहिला. मिश्र ठिपक्यात वर तीन, खाली एक. आणि आमच्या हळदीखालची रेघ कोरी होती.

आम्ही म्हणालो, "म्हणजे हळद शुद्ध!" प्राध्यापकांनी बोट वर केले. लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा क्षार हळदीवर चोपडतात. तो या द्रावकात विरघळतच नाही, तेव्हा त्याची साक्ष या पट्टीवर कधीच नोंदली जाणार नाही. त्यासाठी हळद जाळून राख करावी लागते, ती सौम्य गंधकाम्लात घेऊन डायफिनाइल कार्बाझाइड घालावे लागते. गुलाबी रंग आला तर ते विष आहे. तीही परीक्षा झाली. गुलाबी रंग आला नाही.

गडदपणाचा उलगडा त्या गृहस्थांनीच केला. त्या वर्षी नेहमीची हळद मनाजोगी मिळाली नाही म्हणून त्यांनी अलेप्पीकडची घेतली होती. तिच्यात कर्क्युमिन अधिक असते आणि रंगही चढा असतो. हे त्यांनी आधी का सांगितले नाही, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, तुम्ही विचारलेच नव्हते. बाईंच्या कपाळाच्या चुरचुरीचे कारण काही सापडले नाही; कुंकू दुसऱ्याच दुकानचे होते आणि ते कोणी तपासले नव्हते.

पुढील बैठकीत आम्ही सर्व हकिकत वाचली व क्षमा मागितली. जुना ठराव खोडून टाकावा अशी एका सदस्यांनी सूचना केली, पण इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही. म्हणून त्याच पानाच्या तळाशी, तारीख घालून आणि दोन्ही द्रावकांची नावे व प्रमाणे लिहून, आम्ही नवा ठराव नोंदविला. कुंकवाचा नमुना त्याच दिवशी बाटलीत भरून ठेवला.