तंबोरा कुठे गेला?

माळव्यात स्थायिक झालेल्या आमच्यासारख्या मराठी घरांतून दागिन्यांइतकीच जपलेली आणखी एक वस्तू असे, ती म्हणजे ध्वनिमुद्रिका. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ आणि देवासला येऊन राहिलेले कुमार गंधर्व यांच्या गाण्यावर आमचे कान घडले. आता तबकड्यांची जागा मोबाइलने घेतली आहे. ॲम्प्लिफायर आणि दोन थोराड स्पीकर मात्र तेच आहेत.

या दोहोंची गाठ मुलांनी बिनतारी घालून दिली. सारे खूश झाले. वडील तेवढे म्हणाले, "गाणे ऐकू येते रे, पण तंबोरा कुठे गेला?" म्हाताऱ्या कानांचा दोष म्हणून हसण्यावारी नेणे सोपे होते, पण ते खरे नव्हते.

डिजिटल गाणे म्हणजे आकड्यांची माळ. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूसाठी दर सेकंदाला ४४,१०० मापे नोंदलेली असतात. एमपी-थ्री पद्धत जागा वाचवण्यासाठी त्यातला कानाला सहसा न जाणवणारा भाग टाकून देते. काटकसर मर्यादेत असेल तर बिघडत नाही. ती फार झाली की पहिला बळी तंबोऱ्याच्या झणत्काराचा आणि सुराभोवतीच्या सूक्ष्म आसेचा. टाकलेले पुन्हा मिळत नाही. ताक चांदीच्या वाटीत ओतले म्हणून त्याचे दही होत नाही! २००१ साली आलेली फ्लॅक पद्धत मात्र शालूची घडी घालावी तशी. उलगडल्यावर एक धागाही कमी भरत नाही. ब्लूटूथवरून गाणे पाठवताना ते बहुधा पुन्हा एकदा आवळले जाते, हेही ध्यानी घ्यावे.

म्हणून आम्ही तारेकडे वळलो. आकड्यांचे विद्युत-संकेतात रूपांतर करणारे, 'डॅक' नावाचे बोटाएवढे उपकरण मोबाइलला जोडले आणि लाल-पांढऱ्या टोकांची वायर ॲम्प्लिफायरच्या 'ऑक्स' खाचेत बसवली. शेजारची 'फोनो' खाच तबकडीच्या क्षीण संकेतासाठी असते. तिथे मोबाइल जोडल्यास आवाज फाटतो. मोबाइलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमीजास्त करणे ॲम्प्लिफायरवर सोपवले, कृत्रिम खर्ज वाढवणाऱ्या सोयी बंद केल्या आणि ॲपमधील ध्वनीचा दर्जा सर्वांत वरचा निवडला.

त्या संध्याकाळी मारवा लागला. वडील काही बोलले नाहीत. त्यांची बोटे मात्र गुडघ्यावर चार तारा छेडू लागली.

खर्च फारसा झाला नाही, मिळाले ते पुष्कळ. परप्रांतात वाढणारी आमची मुले भाषा काय, गाणे काय, प्रथम कानांनीच शिकतात. जे विरळ आहे तेच सतत कानी पडले, तर उद्या त्यांना तेच अस्सल वाटेल आणि तंबोरा हरवला आहे हे विचारणाराही घरात कोणी उरणार नाही. एवढ्यासाठी एक वायर ओढण्याचा कंटाळा करू नये, असे आम्हांस वाटते.