तक्रारीच्या आधी

१७ जानेवारी २०२६, शनिवार. पौड

रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने जीव दिला त्याला आज दहा वर्षं झाली. आमच्या कॉलेजातली पहिल्या वर्षाची मुलं तेव्हा तिसरीत असतील; हैदराबाद विद्यापीठातलं ते प्रकरण त्यांना ठाऊक नाही. डॉ. पायल तडवीचं नाव काहींनी ऐकलंय. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली. मुंबईत नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत असताना २२ मे २०१९ रोजी तिने जीव दिला. सीनियर जातीवरून छळतात हे आम्ही आधीच कळवलं होतं, असं घरचे सांगत आले आहेत. मला राहून राहून हेच टोचतं. ज्यांच्याविरुद्ध बोलायचं, त्यांच्याच हाताखाली दुसऱ्या दिवशी ड्यूटी.

पायलच्या आई आबेदा तडवी आणि रोहितच्या आई राधिका वेमुला, दोघींनी मिळून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. या मंगळवारी, १३ तारखेला, विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेचे नवे विनियम काढले, त्यामागे ही याचिका आहे. समता समिती, चोवीस तासांची हेल्पलाइन, ठरलेली मुदत. पोरं गेल्यावर आयांनी इतरांच्या पोरांसाठी हे मिळवलं.

१९ जानेवारी, सोमवार

तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. कातकरी वाडीतली, कॉलेजात आलेली तिथली पहिलीच. "मॅडम, स्कॉलरशिपचा फॉर्म नाही भरला तर चालेल का?"

"का गं?"

आधी "काही नाही, असंच" म्हणाली. मग हळूहळू आलं बाहेर. ऑफिसमधून यादी घेऊन वर्गात येतात, "एससी-एसटीवाले उभे राहा" म्हणतात. ती उभी राहिली. तेव्हापासून होस्टेलवर तिचं नाव 'फुकटवाली' पडलंय. मेसमध्ये ती ताट घेऊन बसली की तिच्याच खोलीतल्या दोघी शेजारून उठतात. तिची बादली नळाखालून बाजूला सरकवतात.

"घरी सांगितलंस?"

"घरी कोण आहे? दिवाळीनंतर भट्टीवर गेलेत. पावसाच्या तोंडावर येतील."

कातकऱ्यांच्या कितीतरी घरांचं वर्ष असंच वीटभट्टीवर जातं. पालकांना बोलावून घ्या, पालकांची सही आणा, हे आमचे सगळे उपाय तिच्या बाबतीत तिथेच संपतात. लेखी द्यायला ती तयार नाही. मीही आग्रह धरला नाही. तिला त्याच खोलीत झोपायचं आहे.

२१ जानेवारी, बुधवार

रात्री आयोगाचे समतेचे जुने, २०१२ चे विनियम काढून वाचले. वर्गात विद्यार्थ्याची जात-जमात जाहीर करायची नाही. 'राखीव' म्हणून शिक्का मारायचा नाही. कमी मार्कांचा संबंध जातीशी जोडायचा नाही. होस्टेल, मेस इथे कुणाला वेगळं पाडायचं नाही. भेदभावविरोधी अधिकारी नेमायचा. हे सगळं चौदाव्या वर्षात आलंय! आणि २०१६ पासून जातीवरून केलेला मानसिक छळ रॅगिंगच्या व्याख्येतच बसतो. रॅगिंग करणार नाही असं हमीपत्र मुलं दर वर्षी देतात. त्यात हेही आलं, असं त्यांना सांगितलं कुणी?

सकाळी ऑफिसात गेले. क्लार्कच्या मनात वाकडं काही नव्हतं. "उभं केलं की दहा मिनिटांत काम उरकतं, मॅडम." मी विनियमाचं पान दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. यादी आता ऑफिसबाहेर जाणार नाही. ज्याला त्याला मोबाइलवर निरोप, आणि दुपारी तीन ते पाच फॉर्मसाठी टेबल, ईबीसीच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसकट सगळ्यांना एकच. हे त्यांनीच सुचवलं. इतकी वर्षं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मुंबईच्या आयआयटीत फेब्रुवारी २०२३ मध्ये दर्शन सोळंकी या विद्यार्थ्याने जीव दिला. त्याच वर्षी तिथल्या एससी-एसटी कक्षाने सूचना काढली की सहाध्यायांना प्रवेशपरीक्षेतली रँक विचारू नये. सरळ जात न विचारता ती काढून घ्यायची ही रीत आमच्याकडेही आहे. इथे विचारतात, "फी किती भरलीस?"

३० जानेवारी, शुक्रवार

काल सर्वोच्च न्यायालयाने नव्या विनियमांना स्थगिती दिली. भाषा संदिग्ध आहे, गैरवापर होऊ शकतो, असं प्रथमदर्शनी मत. पुढचा निर्णय होईपर्यंत २०१२ चेच लागू. स्टाफरूममध्ये एक सहकारी सुटल्यासारखे म्हणाले, "चला, खोट्या तक्रारींची कटकट गेली." खोट्या तक्रारीत कुणी अडकू नये, हे मलाही मान्य आहे. पण माझ्यापुढे आजवर खोटी राहू दे, खरी तक्रारसुद्धा लेखी आलेली नाही. आणि लागू काय आहे, ते तर मी मागच्या आठवड्यातल्या बुधवारपासून पर्समध्ये घेऊन फिरते आहे.

प्राचार्यांना ते पान दिलं. भेदभावविरोधी अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर सोमवारी बोर्डावर लागेल म्हणाले. होस्टेलच्या दारावरही लावा, असं मी सांगितलं.

फॉर्म भरला तिने. मेसचं मात्र अजून तसंच. रेक्टरबाईंनी सुचवलं, तिला दुसरी खोली देऊ, शांत होईल सगळं. मी नको म्हटलं. खोली तिची आहे. बदलायचीच तर त्या दोघींची बदला, आणि त्यांना आधी माझ्याकडे पाठवा. हमीपत्रावर त्यांच्या सह्या आहेत.