दरवाजांच्या शहरातली पायवाट

जुन्या गावांना वेस असायची. लहान गावाला एक, मोठ्या गावाला दोन-चार. पण मराठवाड्यात एक शहर असं आहे, की त्याला लोक ‘बावन्न दरवाजांचं शहर’ म्हणतात. ओळखलंत ना? छत्रपती संभाजीनगर! २०२३ पर्यंत त्याचं नाव औरंगाबाद होतं. घरातले आजी-आजोबा बोलताना अजूनही तेच नाव घेत असतील.

बावन्नपैकी आता थोडेच दरवाजे उभे आहेत. पण त्यांची नावं ऐका, म्हणजे गंमत कळेल. दिल्ली दरवाजा उत्तरेला. पैठण दरवाजा दक्षिणेला, म्हणजे गोदाकाठच्या पैठणकडे तोंड करून. मकाई दरवाजा पश्चिमेला, कारण मक्का त्या दिशेला. त्या काळी हातात मोबाइल नव्हता, रस्त्यावर हिरव्या पाट्या नव्हत्या. दरवाजा हीच पाटी! ‘इथून बाहेर पडा, की पैठणची वाट.’ झालं काम.

हे शहर १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलं. तेव्हा त्याचं नाव खडकी. भडकल दरवाजा त्यानेच १६१२ मध्ये बांधला. पुढे सतराव्या शतकात औरंगजेबाने शहराभोवती तट बांधून घेतला. तटाचं काम अडवण्याचं, तर दरवाजाचं काम जाऊ देण्याचं. तट शहराला तोडतो आणि दरवाजा जोडतो. एवढं लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

चला तर, आता आपण पायीच निघू. सुरुवात क्रांती चौकातून. थोडं उत्तरेला गेलं की पैठण गेट लागतं. बाजाराच्या मधोमध उभा असलेला दरवाजा आणि त्याच्या अवतीभवती कपडे, चपला, फळं, रिक्षा, स्कूटर यांची झुंबड. तिथून टिळक पथाने सरळ गेलात, की आठ-दहा मिनिटांत गुलमंडी. पुढे सिटी चौक. मग जुन्या बाजारातून डावीकडे वळत भडकल गेट. आणि तिथून घाटी रुग्णालयाच्या बाजूने पाणचक्की. एवढं सगळं चालून पाहायला रमतगमत गेलं तरी तासाभराहून फार वेळ लागू नये. जुनं शहर मुळात चालणाऱ्यांच्या मापानेच बांधलेलं आहे!

मग अडचण कुठे येते? वाटेत ठायी ठायी. दुकानाची पायरी पदपथावर उतरलेली. तिच्यापुढे स्कूटरची रांग. मध्येच विजेचा डबा. शेवटी आपण मुकाट्याने रस्त्यावर उतरतो, आणि मागून हॉर्न वाजतो, ‘ए, बाजूला हो!’ आपल्या देशातल्या रस्त्यांच्या नियमावलीत पदपथावर चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी असं लिहिलेलं आहे. का बरं एवढी? म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोर आल्या तरी दोन्ही निघून जाव्यात. तुमच्या शाळेजवळचा पदपथ एकदा टेप घेऊन मोजून पाहा.

तट तर बहुतेक ठिकाणी केव्हाच पडला. पण शहरात नवे तट उभे राहिले आहेत, आणि ते दगडाचे नाहीत. एक तट म्हणजे जालना रोड. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको अशा ठिकाणी त्यावर उड्डाणपूल आहेत. वरून गाड्या भुर्रकन निघून जातात. पण खाली दप्तर घेऊन उभ्या असलेल्या मुलीला पलीकडे जायचं असेल तर? दुसरा तट रेल्वेमार्गाचा. त्याच्या दक्षिणेला सातारा आणि बीड बायपासकडची वस्ती वाढत गेली. शिवाजीनगरच्या फाटकावर तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं ताटकळत दिवस काढले. तिसरी आहे खाम नदी. तिच्या एका बाजूला जुनं शहर, दुसऱ्या बाजूला छावणी, मिलिंद महाविद्यालय, बेगमपुरा आणि विद्यापीठ.

आता खामच्या काठावर या. इथे मकाई, महमूद आणि बारापुल्ला असे तीन दरवाजे जुन्या पुलांना लागून उभे आहेत. महमूद दरवाजा पाणचक्कीच्या शेजारीच आहे. ही दारं कोणासाठी होती? माणसं, घोडे, उंट, बैलगाड्या यांच्यासाठी. त्यांच्या कमानीतून मोटारी जाऊ लागल्या, तेव्हा पंचाईत झाली. समोरासमोर दोन गाड्या आल्या, की एकीने थांबायचं. एखादं मोठं वाहन कमानीला घासलं, की शेकडो वर्षांच्या दगडाचा टवका उडालाच. मग कोणी म्हणतं, ‘दरवाजा वाटेत येतो.’ अहो, दरवाजा तर आधीपासून तिथेच होता. वाटेत कोण आलं?

इथे थोडं गणित करू. एक मोटार साधारण ४ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद धरा. क्षेत्रफळ किती? ६.८ चौरस मीटर. सायकल १.८ मीटर लांब आणि ०.६ मीटर रुंद. म्हणजे १.०८. एका उभ्या मोटारीच्या जागेत सहा सायकली मावल्या! आणि मोटारीत बऱ्याचदा एकच माणूस बसलेला असतो. अरुंद दारातून जास्त माणसं न्यायची असतील, तर ती कशी न्यावीत? उत्तर तुम्हीच काढलंत.

हेच गणित नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन या शहराने १९७७ मध्ये सोडवलं. तिथल्या कारभाऱ्यांनी शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले. मोटारीला एका भागातून थेट दुसऱ्या भागात जायला बंदी! बाहेरच्या वळणरस्त्यावर जायचं आणि तिथून पुन्हा आत यायचं. पायी आणि सायकलवाल्यांना मात्र सगळीकडे सरळ वाट. म्हणजे मोटारींसाठी तट आणि पावलांसाठी दरवाजा! दुकानदार तेव्हा चिडले होते, ‘गिऱ्हाईक कसं येणार?’ म्हणून. पण योजना टिकली, आणि आज त्या शहरातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या सायकलीवरून होतात.

आपल्याकडेही थोडी सुरुवात झाली आहे. २०२० च्या सुमारास केंद्र सरकारने पायी चालणारे आणि सायकलस्वार यांच्यासाठी रस्ते सुधारण्याचं आव्हान शहरांपुढे ठेवलं, तेव्हा या शहरानेही भाग घेतला. क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन या रस्त्यावर सायकलींसाठी पट्टा आखला गेला. स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाजांची डागडुजी झाली. महापालिका, छावणी परिषद आणि शहरातल्या संस्थांनी मिळून खाम नदीचा काठ साफ करायला घेतला. लोखंडी पुलाजवळ काठाने फिरायला जागा झाली.

मग प्रश्न सुटला का? नाही. ते समजायला पाणचक्कीकडे पाहा. ती फिरवणारं पाणी लांबच्या डोंगराकडून जमिनीखालच्या खापरी नळांतून येत असे. मलिक अंबरनेही जमिनीखालून नहर करून शहराला पाणी दिलं. एकाला एक जोडलेले शेकडो नळ. त्यातला मधला एकच काढून टाकला तर? बाकीचे सगळे धडधाकट असूनही चक्की बंद. सायकलवाटेचंही तसंच आहे. इथे अर्धा किलोमीटर सुंदर पट्टा, तिथे एक देखणा पदपथ, आणि मध्ये जीव मुठीत धरून ओलांडायचा चौक. अशा वाटेवर आई मुलाला सायकल घेऊन पाठवील का? मुळीच नाही. नुसत्या रंगाच्या रेघेवर तर स्कूटरही बिनदिक्कत उभी राहते.

म्हणून हवी आहे ती जोडणी. खामच्या काठाने पायवाट आली आणि तिने मकाई, महमूद, बारापुल्ला हे तिन्ही दरवाजे गुंफले, तर? कमानींतून माणसं आणि सायकली, मोटारींना बाजूचा पूल. जालना रोडवर ठरावीक अंतराने सिग्नलसह झेब्रा पट्टे. गुलमंडीला दुकानांसमोर सावलीत चालायला जागा. यात काही प्रश्न आहेत, हे खरंच. घाटीकडे जाणाऱ्या रुग्णवाहिकेला वाट हवीच. गुडघे दुखणाऱ्या आजींना रिक्षा दारापर्यंत हवी. फेरीवाल्यालाही पोट आहे, त्याची जागा कुठे हे ठरवायला हवं. पण हे प्रश्न नकाशा पुढ्यात घेऊन, सगळ्यांनी बसून सोडवण्याचे आहेत.

आणि तो नकाशा तुम्ही काढू शकता, बरं का! तुम्ही कोणत्याही गावात राहत असा, घरापासून शाळेपर्यंतची वाट मोठ्या कागदावर काढा. जिथे निर्धास्त चालता येतं तिथे हिरवी रेघ. जिथे रस्त्यावर उतरावं लागतं तिथे पिवळी. आणि जिथे मोठ्यांचा हात धरल्याशिवाय पलीकडे जाताच येत नाही, तिथे लाल फुली. वर्गातले चाळीस नकाशे एकत्र ठेवले, की गावातले न दिसणारे तट आपोआप दिसू लागतील. लाल फुल्यांची यादी करा आणि आई-बाबांच्या, बाईंच्या सह्या घेऊन नगरपालिकेला नेऊन द्या. प्रत्येक फुलीपुढे एकच वाक्य लिहा: ‘इथे एक दरवाजा हवा आहे.’