मुदत नेमकी कधीपासून?

समोरच्या वकिलांनी ग्राहक आयोगापुढे दिलेल्या लेखी जबाबातलं एक वाक्य डोक्यातून जात नाही: ‘तक्रारदारांना बाळाच्या स्थितीची कल्पना डिस्चार्जच्या दिवशीच होती.’ पुरावा म्हणून आमचंच डिस्चार्ज कार्ड जोडलंय. औषधांच्या यादीवर डॉक्टरी अक्षरात खरडलेलं, ‘बर्थ अ‍ॅस्फिक्सिया’.

रात्रभर कळा, बाळ रडलं नाही, काचेत ठेवलं, मग घरी आणलं. कार्ड हातात देताना सिस्टर म्हणाल्या, “ड्रॉप सकाळ-संध्याकाळ द्या, अंघोळीची घाई करू नका.” त्या दोन शब्दांचा अर्थ, म्हणजे जन्मताना बाळाला प्राणवायू कमी पडला, हे कुणी सांगितलं नाही. मुलगा मान धरेना तेव्हा त्याच डॉक्टरांनी समजूत घातली, “मुलगे जरा उशिराच करतात सगळं.” सासूबाईंना पटलं, मलाही पटलं. डॉक्टरांवर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? तो दीड वर्षाचा झाल्यावर पुण्यात एमआरआय झाला आणि सेरेब्रल पाल्सी हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं. आणि आता म्हणतात, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आमचे वकील ती एमआरआयपासून मोजतात, समोरचे डिस्चार्जपासून. पोटात राहिलेल्या गॉजच्या एका प्रकरणात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की इजा उघड दिसत नसेल तर ती कळल्यापासून मुदत धरावी. पण त्या प्रकरणातल्या बाई मात्र हरल्या. त्या स्वतः नर्स होत्या, वर्षानुवर्षं पोट दुखत असताना त्यांनी चौकशी करायला हवी होती, असं ठरलं. म्हणून आम्ही विलंब माफीचा अर्जही जोडून ठेवलाय.

त्यांना हवा तो कागद बरा सापडला. आम्हाला हवे होते त्या रात्रीचे इनडोअर पेपर: ठोके कितीदा तपासले, सिझेरियनचा निर्णय कधी घेतला. मागायला गेलो तेव्हा मुलाला तीन वर्षं होऊन गेली होती. रेकॉर्डवाल्याने मान वर न करता सांगितलं, “तीन वर्षांपुढचं ठेवत नाही.” नियमच तसा आहे. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमावलीप्रमाणे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं कागद ठेवायचे आणि मागितले तर 72 तासांत द्यायचे. तिकडे 1963 चा मुदतीचा कायदा अल्पवयीनाला दिवाणी दाव्यासाठी सज्ञान झाल्यावर तीन वर्षं देतो. म्हणजे माझ्या मुलाला वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत दाद मागता येईल, पण दाखवायला कागद नसेल. हा कसला हक्क?

मुदतच नको, असं मी पूर्वी तावातावाने म्हणायचे. माझा मावसभाऊ डॉक्टर आहे. तो म्हणतो, “ताई, वीस वर्षांपूर्वीच्या एका रात्रीचा जाब कुणी कसा द्यायचा?” तेही खरं वाटतं. मग निदान कागद तरी तेवढी वर्षं ठेवा. कुणाचंही बाळ काचेत राहिलं असेल, तर भांडायचं नसलं तरी घरी येण्याआधी लेखी अर्ज देऊन सगळ्या पेपरांची प्रत मागा आणि अर्जाची पोच घ्या.

पैशांसाठी करत नाही, असं नातेवाइकांना सांगायचे. आता सांगत नाही. फिजिओथेरपी थांबवता येत नाही, पाय वाढला की स्प्लिंट नवे करावे लागतात. पैसे हवेतच. पण आजवरच्या प्रत्येक तारखेला युक्तिवाद झाला तो मुदतीवरच. त्या रात्री लेबर रूममध्ये काय झालं, हे अजून कुणी विचारलेलं नाही.