वाळवंटात बोरघाट

दुबईत २००९ पासून मेट्रो धावते, पण ड्रायव्हरविना आणि घाटाविना! मग घाटाची हौस आम्ही सुटीच्या दिवशी कॉम्प्युटरवर भागवतो. ट्रेन सिम्युलेटरच्या खेळासाठी हौशी मंडळींनी बनवलेले भारतीय मार्ग मिळतात. हिरवा बोरघाट, बोगदे, वळणं दिसली की खेळ थांबवून चित्र टिपायचं नि मित्रमंडळींना धाडायचं.

परवा एक चित्र डोंबिवलीला आप्पांना पाठवलं. उभी हयात रेल्वेत गेलेली! लगेच फोन : "अरे, मागची इंजिनं कुठायत? सदतीस फुटांना एक फूट चढ तो! कर्जतला बँकर लावल्याशिवाय एवढी गाडी खंडाळ्याला पोचेल कशी?"

आम्ही वरमलो. देखावा टिपला, मागून ढकलणारे विसरलो. मुलं विचारतात, "बँकर म्हणजे?" येत्या पावसाळ्यात त्यांना कर्जतच्या फलाटावर न्यायचं ठरलंय. दाखवायला आप्पा असतीलच.