कोपेश्वराच्या गावात

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'आल्टर' म्हणजे काय ते मला पहिलीपासून माहीत. अंतराळ, गूढमंडप हे शब्द मात्र विसाव्या वर्षी कानावर पडले, तेही खिद्रापूरला!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर हे गाव. पलीकडे कर्नाटक. एका रविवारी मेसच्या पोह्यांना रामराम करून आम्ही चौघी नृसिंहवाडी, कुरुंदवाड करत तिथे पोहोचलो. कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेखही इथे आहे. तळाशी दगडी हत्तींची रांग, जणू अख्खं देऊळ पाठीवर घेऊन उभी.

शंकराचं देऊळ, पण समोर नंदी नाही! गावकरी सांगतात, सती दक्षाच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली, म्हणून तो इथे नाही. सती गेल्यावर कोपलेला शंकर तो कोपेश्वर, आणि त्याची समजूत काढायला आलेला विष्णू, धोपेश्वर, शेजारीच गाभाऱ्यात.

खरी गंमत स्वर्गमंडपात. ४८ खांब आणि छताच्या मधोमध चक्क गोल आकाश! होमाचा धूर जायला ते ठेवलं असं गावात म्हणतात. काही अभ्यासकांच्या मते काम अपुरं राहिलं. आम्ही सिव्हिलवाल्या माना वर करून भार कुठून कुठे उतरतो याची चर्चा करत बसलो.

परतताना पाणी मागायला एका घरी थांबलो. आजींनी पाण्याआधी गूळ दिला. भिंतीवर माझ्या खांद्याच्याही वर एक मातकट रेघ होती.

"ही एकोणीस सालची," आजी म्हणाल्या. "एकवीसला पुन्यांदा आलं. तू काय शिकतीस गं पोरी?"

"सिव्हिल इंजिनिअरिंग."

"म्हंजी धरणं बांधणार. मग पानी किती अन् कवा येणार, ते आमास्नी आदी कळंल असं बघ की. निदान जनावरं तरी सोडता येत्यात."

आजींची तयारी मात्र पक्की. धान्याचे डबे माळ्यावर, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पावसाळ्यात म्हशीच्या दाव्याला एका ओढीत सुटणारी गाठ. हे सगळं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी शिकवलं.

फॅक्टर ऑफ सेफ्टीची गणितं मी पेपरात बरी सोडवते. पण त्यात म्हैस कधी आली नव्हती!

पुढच्या वर्षी प्रोजेक्ट आहे. सीनियर्सच्या तयार फाइल्स हॉस्टेलवर मिळतात, मार्कही चांगले पडतात. आम्ही चौघींनी मात्र विषय ठरवलाय: नदीकाठच्या गावासाठी पुराची आगाऊ सूचना देणारी स्वस्त यंत्रणा. सर म्हणाले, "अवघड आहे." असेल. पण पुढच्या पावसाळ्याआधी आम्हाला खिद्रापूरला एकदा जायचंय, आणि या वेळी हातात मोजमापाची टेप घेऊन.