गाजर गवताचा हिशेब

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत जागा फार काळ रिकामी राहत नाही. सेकंड स्टेजमध्ये आमच्या शेडला लागून एक प्लॉट आहे, कोर्टकज्जात अडकलेला. तिथे शेड उठली नाही, पण वळीव पडून गेला की गाजर गवत उठतं. जेवणाच्या सुट्टीत मी भिंतीला टेकून ते बघत बसतो. सीएनसीच्या चिप्सचा ढीग, त्यातून ओघळलेलं कूलंट, दगडासारखी टणक झालेली माती; आणि तिथे बोटभर उंचीचं एक रोप. चारपाच पिवळट पानं आणि शेंड्याला चक्क पांढऱ्या फुलांचा झुबका. गटाराच्या ओलीवर त्याचीच भावंडं छातीला लागलेली, अजून फांद्या फोडण्यात दंग.

ऊन, पाणी आणि नत्र यांतून जे हाती येतं ते मुळं, खोड, पानं आणि बिया यांच्यातच वाटायचं असतं. एकाला दिलं की दुसऱ्याला कमी पडतं. पुढचा महिना बघायला मिळणार असेल तर आज अंग भरण्यात फायदा, कारण थोराड झाड बियाही ढीगभर देतं. भरवसा नसेल तर आहे तेवढ्यातच फुलायचं. रोपाला हे कळत नाही. तगमग झाली की फुलण्याची सोय ज्यांच्या अंगात होती, त्यांचा वंश असल्या जमिनीत टिकला, इतकंच.

१९५५च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलेलं हे परदेशी गवत देशभर पसरलं ते याच जोरावर. चांगलं पोसलेलं झाड पंधरा-वीस हजार बिया सोडतं. पण एका बीच्या वाट्याला शिदोरी म्हणून जवळपास काहीच येत नाही. समोरच्या जुन्या कारखान्याच्या आवारात नारळ आहे. लावल्यावर पाचसहा वर्षं तो एक फळ देत नाही, आणि द्यायला लागला की एकेक नारळ पिकायला वर्ष लावतो. पाणी, खोबरं, करवंटी, काथ्या, सगळं एका कोंबासाठी.

घाईची किंमत मोजून बघणारे लोक याच शहरात आहेत. जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत विज्ञान संशोधन केंद्रात अमिताभ जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाश्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अशा वाढवल्या, की सर्वांत लवकर वाढून अंडी घालतील त्यांचीच प्रजा पुढे न्यायची. माश्या झपाट्याने वाढू लागल्या, पण चणीने लहान झाल्या आणि अंडीही कमी घालू लागल्या. अळ्या तर सावकाश खायच्या, कमी हिंडायच्या; गर्दीत त्यांचा निभाव लागेना. मला यातलं अळ्यांचं मंदपण सगळ्यात नवलाचं वाटतं.

इथे दोन पाळ्या सलग मारणाऱ्या पोरांना या हिशेबात ओढायचा मोह होतो. मला ते पटत नाही. आमचा निपाणीचा ऑपरेटर ओव्हरटाइम करतो तो बहिणीच्या फीसाठी. तो हिशेब त्याने स्वतः मोबाइलवर मांडलेला आहे, आणि उद्या मनात आलं तर तो मोडेलही.

गवतावर उतारा म्हणून मेक्सिकोचा भुंगेरा आणला, तोही बंगळूरलाच. १९८४ साली तो इथे सोडला. पिवळट पाठीवर काळ्या वेड्यावाकड्या रेघा, नाव झायगोग्रामा. पावसाळ्यात तो आमच्या प्लॉटवर दिसतो, पानांची अगदी चाळण करतो. पण कोरड्या दिवसांत तो मातीत शिरून निपचित पडतो. पाऊस लागल्यावर वर येणार, अंडी घालणार, अळ्या पोसणार. त्यांची संख्या वाढेपर्यंत पहिल्या फेरीचं गवत बी धरून मोकळं झालेलं असतं.

आमचा वॉचमनही गवत काढायला माणूस बोलावतो तो फुलं आल्यावरच. आधी काढा, नाहीतर बी पडतं, असं मी त्याला माझ्या मोडक्या कानडीत सांगून पाहिलं. तो म्हणाला, आधी काढलं तर परत उगवेल, आणि मालक वर्षातून दोनदा मजुरी द्यायचे नाहीत.